पुढे कोरी

"अब्बा, अम्मीचा आवाज हाय काय ह्याच्यात?"

समरीनने चहाचा कप की-बोर्डपासून हातभर लांब ठेवला, कारण अहमदचा तसा नियम होता, आणि जाता जाता विचारावं तसं विचारलं. सातवा महिना लागला म्हणून ती आठ दिवसांपूर्वी माहेरी आली होती, पहिल्या बाळंतपणाला. आदल्या दिवशी तिची खाला, म्हणजे मावशी, भेटायला आली, तेव्हा समरीन आतून काहीतरी म्हणाली आणि खाला दारातच थबकली. "मला वाटलं नसीमाच बोलली," असं म्हणून ती जी रडायला लागली ती पाणी दिलं तरी थांबेना. नसीमा, अहमदची बायको, एकोणनव्वद साली गेली. छातीतली गाठ, कळली तेव्हा उशीर झालेला. समरीन तेव्हा पाच वर्षांची होती आणि अहमद कुवेतला. तो येऊन पोचला तोवर कबरीवरची माती वाळली होती. आईचे चार फोटो समरीनपाशी होते, लग्नातला हिरवा शालू होता. आवाज मात्र काही केल्या आठवत नव्हता. तो आपल्याच गळ्यात उतरला आहे असं दुसऱ्याकडून कळल्यावर, खरा कसा होता हे तिला पोर व्हायच्या आत ऐकायचं होतं. "असंल की," अहमद स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. "सगळं हाय माझ्याकडं."

सगळं होतं हे खोटं नव्हतं. रत्नागिरीत एखादी जुनी चीज कुठे मिळेनाशी झाली की माणसं म्हणत, अहमदभाईंकडे बघा. गझला गाणाऱ्यांच्या नावाने लावलेल्या, सिनेमे सालवार, क्रिकेटचे जुने सामने, समुद्राखालचे माहितीपट, आणि एका फोल्डरमध्ये जगभरच्या बंदरांतल्या जहाजांचे भोंगेसुद्धा. ते कशाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. ब्रॉडबँडच्या योजनेत पहाटेपर्यंतचं उतरवणं फुकट होतं. यादी लावून झोपायचं आणि फजरच्या नमाजानंतर जाळ्यात काय सापडलं ते बघायचं. मग मासळी निवडावी तसं निवडत बसायचं: हे ठेवायचं, हे फुटकं, हे दुबार. दुबारचा त्याला भारी राग. एकच वस्तू दोन ठिकाणी आढळली की त्यातली एक पुसल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. नव्वद साली लढाईमुळे कुवेतहून एका पिशवीनिशी पळून यावं लागलं, तेव्हा गाण्यांच्या दोनशे कॅसेटी तिथेच राहिल्या होत्या. अशा माणसाला पुढे साठवायचं वेड लागलं तर नवल ते काय? आता दोन हजार नऊ साल उजाडलं होतं आणि टेबलावर तीन हार्ड डिस्का चिऱ्यांसारख्या उभ्या होत्या, तिन्ही काठोकाठ भरलेल्या. समरीन आत गेल्यावर त्याने शोधाच्या चौकटीत बायकोचं नाव टाइप केलं. दोन डिस्का धुंडाळून झाल्या. काही सापडलं नाही, असं खाली उमटलं. ते उमटणार हे त्याला आधीच माहीत होतं. खिसा फाटका आहे हे ठाऊक असूनही माणूस पुन्हा हात घालून बघतो, तसं त्याने केलं होतं.

कुवेतला तो राहायचा त्या खोलीत आठ जण होते, सगळे कोकणातले, आणि टेपरेकॉर्डर एकच. लिहायचा कंटाळा, घरच्या बायकांना वाचता येईलच असं नाही, आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायच्या पत्रात माणूस काय लिहिणार? म्हणून कॅसेट. गावाहून कोणी येणारा असला की सुक्या बोंबलांच्या पिशवीतून बायकोच्या बोलण्याची कॅसेट यायची आणि परतीला त्याच कॅसेटवर नवऱ्याचा जबाब भरून जायची. शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर टेपरेकॉर्डरची पाळी लागायची, माणशी अर्धा तास. आणि खोलीचा एक नियम होता, सगळ्यांत वडील माणसाने घालून दिलेला. बायकांचा आवाज खोलीत पडून राहता कामा नये. आठ पुरुषांत कोणाच्या हाताला काय लागेल सांगता येत नाही. ऐकलं की त्याच बैठकीत त्याच्यावर आपलं बोलणं भरून टाकायचं. हा नियम कोणालाच जाचला नाही. उलट त्यात अब्रू होती, घरंदाजपणा होता, आणि अहमद तर पहिल्यापासून काटेकोर. कानाला हेडफोन लावून तो भिंतीकडे तोंड करून ऐकायचा. नसीमा एकदा सुरू झाली की थांबायची नाही. विहिरीचं पाणी, कोणाचा साखरपुडा, कोणाची म्हैस व्याली, आणि दर चार वाक्यांनी, "ऐकताव ना?" तिचा आवाज त्याला आता आठवत नव्हता, पण ते दोन शब्द आठवत होते आणि त्यांची शेवटी वर चढणारी चाल आठवत होती. पंधरा-वीस मिनिटं झाली की मागच्याची चुळबुळ सुरू व्हायची. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. नसीमा तिथपर्यंत बोलते की आधीच थांबते, हे त्याने कधी पाहिलं नाही. कॅसेट सुरुवातीला न्यायची, लाल बटण दाबायचं आणि सात माणसांच्या देखत बोलता येईल तेवढं बोलायचं. तब्येत बरी आहे, साबण आणि कापड पाठवलंय, समरीनच्या फ्रॉकचं माप कळव, खुदा हाफिज. एवढ्यासाठी तिचा आवाज पुसला जायचा. कोऱ्या कॅसेटी तिथल्या बाजारात ढिगाने मिळत. त्या अहमदने घेतल्याही, पण गाणी भरायला.

आत समरीन भांडी लावत होती. तिला काय सांगायचं? की तुझ्या अम्मीचा आवाज हरवला नाही गे, मीच पुसला, एकदा नाही, दर दोन महिन्यांनी, आणि त्याच्यावर साबणाची यादी भरली? अशा नऊ कॅसेटी नसीमापाशी बिस्किटाच्या डब्यात राहिल्या होत्या, सगळ्यांवर त्याचाच आवाज. दोन हजार चार साली त्याने त्या कॉम्प्युटरवर चढवायला घेतल्या तेव्हा तो तरुण, ताठलेला, आदबशीर आवाज ऐकून तो स्वतःवरच वैतागला होता. खुदा हाफिज ऐकू आलं की लगेच थांबवायचं, फाइल जपून ठेवायची आणि तिच्या नावापुढे शेरा मारायचा, पुढे कोरी. मग चढवून झालेला कॅसेटींचा सगळा पसारा गोणीत भरून त्याने हर्णेला नेऊन दिला होता. हर्णे नसीमाचं माहेर. तिच्या शेजारची मैना कोळीण मासळी सुकवते; तिला कावळ्यांसाठी टेपची फीत हवी होती. बांबूला बांबू बांधून वाळवणावर फीत ताणली की ती उन्हात चमकते, वाऱ्यावर गुणगुणते आणि पाखरू खाली उतरत नाही. पुढल्या खेपेला एस्टीतून उतरताना त्याने ती लखलख पाहिली होती आणि मैनाला म्हणालाही होता, "तुझ्या बोंबलांना गाणी ऐकवतीस काय गे?" दोघं पोटभर हसली होती. ते हसणं आता आठवलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

नसीमा नाही तर नाही, निदान आपल्या त्या नऊ जबाबांत तिच्या एखाद्या वाक्याचा पडसाद तरी असेल, असं मनाशी धरून त्याने तिसरी डिस्क जोडली. ही सगळ्यांत जुनी. त्या कॅसेटींवरची पत्रं हिच्यात होती. दिवा लागला, आतलं चाक फिरायला लागलं आणि मग आवाज आला, टक. थोडं थांबून पुन्हा टक, टक. नखाने पत्रा वाजवावा तसा. अहमदने केबल ओढली. हा आवाज कशाचा हे त्याने कितीदा तरी वाचलं होतं, दुसऱ्यांना समजावूनही सांगितलं होतं. त्याने डिस्क अंघोळीच्या टॉवेलात गुंडाळली, छातीशी धरली आणि समरीनला "येतो बाजारातनं" एवढंच सांगून तो रिक्षात बसला. रिक्षा उतारावरून जायला लागली तसं प्रत्येक खड्ड्याला तो डिस्क मांडीवरून उचलून हातांवर झेलत होता. समरीन झाली तेव्हा तो इथे नव्हता. पोरीला असं हातांवर झेलायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नव्हती, हे त्याच्या त्या वेळी मनात आलं.

महिपत मूळचा देवरूखकडचा. बाजारपेठेत आधी त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. काळ बदलला तसा तो कॉम्प्युटरवर आला, पण जुनं कपाट आणि भिंग तेच. अहमदने टॉवेल उघडायच्या आत त्याने नव्या डिस्का काउंटरवर मांडल्या. "ही टेबलावरची. पोटाला मोठी, तुमचं सगळं गाठोडं एकटीत मावेल. पन हिला वेगळी वायर लागते, आनि लाइट गेली की बसली मध्येच. ही बारकी कॉम्प्युटरच्याच केबलवर चालते, खिशात जाते. हातातनं सुटली तर मात्र फातिहा वाचा तुमी. माझं ऐकाल तर एक नको. दोन बारक्या घ्या आनि दोनीत तेच भरा." "एकच वस्तू दोनदा?" अहमद सवयीने म्हणाला. "मानसाला डोळे दोन कशाला दिलेत मगे?" महिपत हसला. मग त्याने टॉवेलातली डिस्क पाहिली, जोडली, कान लावला, आणि त्याचं हसू मावळलं. टेपरेकॉर्डरच्या काळातला त्याचा कान अजून पक्का होता. "अहमदभाई, ही जातेय. थंड हाय तवर देईल. घटकाभर देईल, न्हायतर आताच थांबेल. सगळं नाय यायचं. पयलं काय काढू, सांगा."

पहिलं काय, असं अहमदला आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या साठ्यात पहिलं-दुसरं नव्हतंच, फक्त अक्षरं होती. अ पासून ज्ञ पर्यंत जे यायचं ते रांगेने यायचं, आणि सगळं असलं की निवडायचं काही उरत नाही, हाच तर त्या साठ्याचा आधार होता. ह्या डिस्कवर पहिल्या दोन वर्षांची सगळी कमाई होती. पुन्हा कुठे न मिळालेल्या मैफली होत्या. महिपत बोट माउसवर ठेवून थांबला होता आणि डिस्क मधूनच टक करत होती. अहमदला भीती वाटली, आणि ती गाण्यांची नव्हती. "पत्रं," तो म्हणाला. "माझी कुवेतची पत्रं हायत बघा, नऊ." स्वतःचाच आवाज वाचवायला आपण मैफली सोडतोय, ह्याची त्याला लाज वाटली, पण दुसरं काही तोंडातून निघेना. महिपतने फोल्डर उघडला, लहान-मोठं बघायला फाइली आकाराने लावल्या, आणि भिंग नसतानाही डोळे बारीक केले. "ही सातवी एवढी कशी हो? बाकीच्या अकरा-बारा मिनिटांच्या, ही पुरी पंचेचाळीस. आनि नावात लिवलंय, कापायची."

जुहरची अजान. अहमदला लख्ख आठवलं. सातवी कॅसेट चालू होती आणि मशिदीतून अजान झाली. थांबवायचं सोडून तो तसाच उठून नमाजाला गेला. परत आला तर कॅसेट संपून आपोआप बंद पडली होती. त्याने फाइल तशीच ठेवली, पुढची खरखर सवडीने कापून टाकू म्हणून, आणि ती सवड पाच वर्षांत मिळाली नाही. "पुढं कोरीच हाय ती," तो म्हणाला. महिपतने त्याच्याकडे पाहिलं. "कोरी? ह्या कॅसेटी गावाहून भरून यायच्या ना? आनि तुमी वरनं बोलायचांव?" "हां." "किती?" "दहा-बारा मिनटं." महिपतने हात गुडघ्यांवर ठेवले. आयुष्यभर टेप उघडून बसलेल्या माणसाला ही साधी गोष्ट दुसऱ्याला सांगावी लागते, ह्याचंच त्याला नवल वाटत होतं. "अहमदभाई, बटन दाबलं तेवढाच वेळ पुसतो हो तो. तुमी थांबलांव तिथं पुसनं थांबलं. पुढं वहिनी हायत."

अहमद स्टुलावर बसला. महिपत भराभर काहीतरी करत होता, डिस्क उभी धरत होता, पंखा तिच्यावर वळवत होता, आणि अहमदला फक्त पडद्यावरची हिरवी पट्टी दिसत होती. पुढं वहिनी हायत. म्हणजे नऊही कॅसेटींत होती ती. दर कॅसेटीत अर्धा-पाऊण हिस्सा. पाच वर्षांपूर्वी ती नऊ वेळा त्याच्या बोटाखालून गेली, आणि आठ वेळा त्याने खुदा हाफिज ऐकून बटण दाबलं. एक सेकंद थांबला असता, कपाला हात लावायला, नाक पुसायला, तर तिचा आवाज कानावर आला असता. पण स्वतःचं बोलणं संपलं की कॅसेट संपली, असंच तो धरून चालला होता. कुवेतलाही आणि नंतरही. मग त्याने तिला गोणीत भरलं, तिच्या माहेरी नेलं आणि बोंबलांवर टांगलं. तिथल्या वाऱ्यात तिचं किती बोलणं फडफडून गेलं असेल? हिरवी पट्टी अर्ध्यावर आली आणि थांबली. टक. टक. अहमदने दुवा मागायला हात उचलले आणि तळवे तसेच धरून तो बसला. पट्टी हलली, सरकली, पुन्हा अडली, आणि शेवटी एकदम पुरी झाली. "आली," महिपत म्हणाला. बाकीच्या आठांतल्या पाच आल्या, मग डिस्क जी गप्प झाली ती झालीच. मैफली गेल्या, सामने गेले, दोन वर्षांच्या पहाटा गेल्या. अहमदने त्यांची चौकशीही केली नाही. त्याने दोन बारक्या डिस्का घेतल्या आणि दोन्हींत तेच भरून मागितलं.

घरी आल्यावर त्याने समरीनला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर टेकला. कसं जमवलं ते त्याने थोडक्यात सांगितलं. आपण कॅसेटी कशा पुसत होतो तेही सांगितलं, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. समरीनने पोटावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने फाइल सुरू केली. आधी तोच आला, अठ्ठ्याऐंशी सालचा, ताठ, साबण आणि कापड घेऊन. खुदा हाफिज. खटका. आणि मग वाक्याच्या मधूनच, जणू कोणी तिला मघापासून दाबून धरलं होतं तशी, नसीमा आली. "...तर मी म्हटलं, पानी आटलं तर आटलं, टँकर काय मी मागवनार नाय. ऐकताव ना? समरीन, हात काढ तिथनं, बटन दाबशील तर अब्बा ऐकतील कसं?" पाठोपाठ एका लहान पोरीचं खिदळणं आलं. समरीनच्या तोंडून हुंदका बाहेर पडला, आणि तोही त्याच गळ्यातला, त्याच पट्टीतला. आवाज तिच्यासारखा होताच, पण घाईचा, थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. अहमदला वाटलं, हा आपल्याला आठवत नव्हता असं कसं होईल? हा तर कायम इथेच होता. अर्धा तास दोघं हलली नाहीत. आतेबहिणीचं लग्न, कौलांची दुरुस्ती, समरीनला लागलेली माती खायची सवय, त्यातलं बहुतेक त्याने पहिल्यांदाच ऐकलं, एकवीस वर्षांनी.

फाइल संपत आली तेव्हा नसीमाचा आवाज उतरला. दार लोटल्याचं ऐकू आलं, आणि ती टेपच्या जवळ सरकली असावी. "आता हे शेवटाचं. तुमी हिथवर कदी येत नाय, मला ठाव हाय. मागल्या खेपेला शेवटाला विचारलं होतं, त्याच्या आदी पन विचारलं होतं. तुमचा जबाब नाय. म्हनून हिथं सांगायला बरं वाटतं. डाव्या अंगाला छातीत गाठ लागते हाताला. सुपारीएवडी. दुकत नाय. डाक्टर पुरुष हाय, त्याला कशी दाखवू? तुमाला तरी कशी सांगू, सात मानसं बसलेली असतात म्हनता. कुनाला तरी सांगायचं होतं, ते सांगितलं."

समरीनने मान वळवून बापाकडे पाहिलं. "अब्बा, तुमी तवा..." ती थांबली. "नाय ऐकलं," अहमद म्हणाला. "वीस मिनटं झाली होती." बाहेर मशिदीत अजान सुरू झाली, तो जागचा उठला नाही.

"ऐकताव ना?" नसीमाने विचारलं. आणि ह्या वेळी ती पुढे बोलली नाही. नुसती खरखर चालली, चार सेकंद, सहा सेकंद. उत्तरासाठी जागा सोडावी तशी तिने ती जागा सोडली होती आणि इतक्या वर्षांत तिथे कोणीच बोललं नव्हतं. अहमद पडद्याकडे वाकला.

"ऐकतोय गे," तो म्हणाला. "ऐकतोय."

खरखर तशीच चालली. मग नसीमा हलकेच हसली, अगदी जवळून.

"नाय ना?" ती म्हणाली. "बरं." आणि बटण बंद केल्याचा आवाज आला.